मिनियापोलिसला येताय आणि इथल्या गोऱ्या लिबरल लोकांबद्दल विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न वाचला, दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नाहीये म्हणून सविस्तर लिहितेय, वेळ काढून वाचा. तुम्ही नाशिकहून एल-१ वर (कंपनीच्या बदलीच्या व्हिसावर) येताय, मिस्टर आणि चौथीतली मुलगी बरोबर, आणि विचारलंय की २०२० मध्ये इथल्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा जीव घेतला त्या वेळी जे गोरे लोक एवढ्या संख्येने रस्त्यावर उतरले ते आता बदलले असं सगळीकडे वाचायला मिळतंय, कंपन्यांनी डीईआय (विविधता, समता, समावेशाचे कार्यक्रम) गुंडाळलं, तर आपल्यासारख्यांना तिथे त्रास होईल का, की शहर लिबरल आहे म्हणजे निर्धास्त यावं, आणि घर कुठे बघावं.

आधी सरळ उत्तर देते. रोजच्या वागण्यात, म्हणजे दुकानात, ऑफिसात, शेजारीपाजारी, तुम्हाला बहुतेक करून चांगलीच माणसं भेटतील, मी २०११ पासून इथे आहे आणि हे मनापासून सांगते. पण "लिबरल शहर" या शब्दावर विसंबून काही ठरवू नका. इथले गोरे लिबरल वंशन्यायाबद्दल काय बोलतात हे गेल्या दहा-बारा वर्षांत खूप वर गेलं आणि मग खाली आलं, पण घर, शाळा, शाळेची हद्द (कुठल्या पत्त्यावरचं मूल कुठल्या शाळेत जाणार) या बाबतीत ते काय करतात ते त्या मानाने फार कमी बदललंय. आणि तुम्ही इथे येऊन जी पहिली मोठी निवड करणार, घर आणि शाळा, ती नेमकी तिथेच येते, म्हणून हे तुमच्या कामाचं आहे.

मिनेसोटाचा उदारमतवाद जुना आहे हो, कालचा नाही. ह्यूबर्ट हम्फ्री इथलाच, मिनियापोलिसचा महापौर असताना १९४८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्याने नागरी हक्कांच्या बाजूने असं भाषण केलं की दक्षिणेतले काही प्रतिनिधी उठून निघून गेले. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामागे वॉल्टर मॉन्डेल, तोही इथला. आणि त्याच शहरात १९१० पासून घरांच्या खरेदीखतातच अट घातलेली असायची की हे घर काळ्या माणसाला, बऱ्याच ठिकाणी ज्यूंना, आशियाई लोकांनाही विकायचं नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या एका प्रकल्पाने २०१६ पासून अशी हजारो खतं शोधून नकाशावर मांडली आहेत, तो नकाशा बघितला की आजही कुठे कोण राहतं याचं उत्तर मिळतं. शेजारच्या सेंट पॉलमध्ये रोंडो नावाची काळ्या लोकांची भरलेली वस्ती होती, तिच्या मधून आय-९४ हायवे काढला, शेकडो घरं गेली, त्याची अधिकृत माफी २०१५ मध्ये मागितली. आज मिनेसोटात गोऱ्यांमध्ये चारातले तीन जण स्वतःच्या घरात राहतात आणि काळ्यांमध्ये तिनातला एक जेमतेम. तर हे दोन्ही, भाषणही आणि खरेदीखतही, याच लोकांचं आहे, आणि एक खोटं दुसरं खरं असं नाही.

आता बदलाचं. नव्वदच्या दशकात डेमोक्रॅट म्हणजे "आम्हीही गुन्हेगारीबाबत कडक आहोत" असं सांगणारा पक्ष होता, १९९४ चा क्राइम कायदा क्लिंटनने सही केलेला आणि बायडनने सिनेटमध्ये पुढे रेटलेला. ओबामा निवडून आल्यावर बऱ्याच गोऱ्या लिबरलांना वाटलं की झालं, सुटला प्रश्न. मग मोबाइल कॅमेरे आले आणि पोलिसांच्या हातून काळे लोक मारले गेल्याच्या घटना सगळ्यांसमोर यायला लागल्या. २०१४ मध्ये मिझुरीतलं फर्ग्युसन, २०१५ मध्ये इथे जमार क्लार्क, त्यानंतर नॉर्थसाइडच्या पोलीस ठाण्याबाहेर लोक थंडीत मुक्काम ठोकून बसले होते, आणि २०१६ मध्ये फिलांडो कॅस्टील. तो सेंट पॉलच्या एका शाळेच्या कॅफेटेरियात कामाला होता, मुलांना नावाने ओळखायचा, ट्रॅफिक स्टॉपमध्ये पोलिसाने गोळ्या घातल्या आणि लगेच पुढचं सगळं त्याच्या मैत्रिणीने फेसबुकवर लाइव्ह दाखवलं, त्या गाडीत मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. ते बघून माझ्या ओळखीच्या गोऱ्या बायका, ज्या आजवर फक्त लेकहोम आणि बागेबद्दल बोलायच्या, त्या पहिल्यांदा या विषयावर बोलायला लागल्या. त्यात त्याच वर्षी ट्रम्प निवडून आला आणि मग मतं आणखी झपाट्याने सरकली. प्यू या जनमत अजमावणाऱ्या संस्थेच्या सर्वेक्षणात "काळे लोक मागे राहण्याचं मुख्य कारण भेदभाव" असं मानणारे डेमोक्रॅट २०१० च्या सुमाराला तिनातला एकही नव्हते, २०१७ ला ते ६४ टक्के झाले. एवढ्या कमी वेळात लोकांचं मत एवढं हलणं फार दुर्मिळ. आणखी एक, तेव्हाच्या अभ्यासांत दिसलं की गोरे लिबरल हा असा गट झाला होता जो स्वतःच्या वंशापेक्षा दुसऱ्यांबद्दल जास्त आपुलकी नोंदवत होता, बाकी सगळ्या गटांत उलट असतं.

मग २५ मे २०२०, फ्लॉइडचा मृत्यू. अडतिसावा रस्ता आणि शिकागो अव्हेन्यूचा कोपरा, तुम्ही आलात की एकदा जाऊन या, तिथे अजूनही फुलं असतात. तीन दिवसांनी तिसऱ्या प्रीसिंक्टचं पोलीस ठाणं जळालं, जवळच एका बांगलादेशी माणसाचं गांधी महल नावाचं रेस्टॉरंट होतं तेही गेलं, आणि मालक म्हणाला की इमारत पुन्हा बांधता येईल, न्याय झाला पाहिजे. मी त्याच्याकडे जेवलेली आहे, म्हणून ते वाचून रडू आलं होतं. फ्लॉइडच्या वेळी गर्दीला मागे सारणारा अधिकारी ह्माँग वंशाचा (आग्नेय आशियातला समाज) होता हे पण लक्षात ठेवा, आशियाई घरांतून तेव्हा बराच वाद झाला की आपण नक्की कुणाच्या बाजूला उभे आहोत.

त्या उन्हाळ्यात गोऱ्या उपनगरांत घरोघरी अंगणात ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर चळवळीच्या पाट्या लागल्या. आमच्या कंपनीत लिसनिंग सेशन, वाचन गट, ट्रेनिंग सुरू झालं, त्यातलं काही खरंच चांगलं होतं, एका काळ्या सहकाऱ्याने वडिलांच्या कर्जाचा अर्ज बँकेने कसा कसा फेटाळला ते सांगितलं ते मी विसरणार नाही. पण त्या बैठकांत काळ्या दोन-तीन लोकांवरच परत परत बोलायची वेळ यायची आणि बाकीचे मान हलवून नोट्स घ्यायचे, वर्षभराने ती माणसं थकली आणि दोघं दुसरीकडे गेली.

७ जूनला पॉवडरहॉर्न पार्कात सिटी कौन्सिलच्या १३ पैकी ९ जणांनी जाहीर केलं की पोलीस खातं मोडून नवं काहीतरी उभं करणार. पुढे २ नोव्हेंबर २०२१ ला त्यावर मतदान झालं आणि साधारण ५६ टक्के लोकांनी नाही म्हटलं. यातली मुख्य गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते म्हणून सांगते, नॉर्थसाइडला, जिथे काळ्या लोकांची वस्ती सगळ्यात जास्त, तिथल्या वॉर्डांनी नाही म्हटलं. हो म्हणणारे वॉर्ड बरेचसे तरुण, भाड्याने राहणाऱ्या, शिकलेल्या गोऱ्या लोकांचे. आणि तळ्यांजवळच्या श्रीमंत गोऱ्या वॉर्डांनी पण नाही म्हटलं, अंगणात पाट्या असताना. नॉर्थसाइडच्या रहिवाशांनी तर आधीच, २०२० मध्ये, शहरावर खटला भरला होता की आम्हाला कायद्याने ठरलेले पोलीस द्या, कारण गोळीबार त्यांच्या दारात चालू होता. त्याच वर्षी गॅलपने देशभर विचारलं तर ८१ टक्के काळ्या लोकांनी सांगितलं की आमच्या भागात पोलीस आहेत तेवढेच हवेत किंवा जास्त हवेत. म्हणजे त्यांना पोलीस नकोत असं नाही, मान देणारे आणि मारून न टाकणारे पोलीस हवेत. हे त्यांना कुणी नीट विचारलंच नाही, त्यांच्या नावाने घोषणा दुसऱ्यांनी ठरवल्या. मला हे सगळ्यात जास्त लागतं. ज्यांच्यासाठी लढतोय त्यांना विचारायचं नाही ही सवय आपल्याकडेही काही कमी नाही.

त्यानंतर वारं फिरलं, पण नीट बघा कसं फिरलं. प्यूनुसार जून २०२० मध्ये ६० टक्के गोऱ्यांचा ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरला पाठिंबा होता, २०२३ ला ४२ टक्के. यावरून लोक म्हणतात गोरे लिबरल उलटले, तसं नाहीये. मुख्य घसरण रिपब्लिकन आणि कुंपणावरच्या लोकांत झाली, डेमोक्रॅट लोकांत २०२३ लाही पाचातले चार जण पाठिंबाच देत होते. म्हणजे विचारलं की उत्तर तेच, फक्त आता कुणी आपणहून बोलत नाही, पैसे आणि वेळ देत नाही, आणि नेते निवडणुकीत तो विषय काढत नाहीत कारण त्यांना वाटतं २०२४ त्यानेच हरलो. २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये ममदानी महापौर म्हणून निवडून आला, तरुण गोऱ्या लिबरलांची भरपूर मतं घेऊन, पण त्याचा प्रचार घरभाडं, बसभाडं, पाळणाघर यावर. काहींच्या मते हा शहाणपणा आहे कारण भाड्याचा प्रश्न काळ्या माणसालाच जास्त जाचतो, मलाही थोडंफार पटतं, पण कॅस्टीलसारख्या माणसाच्या आईला भाडं कमी करून काय उत्तर देणार हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

कॅलिफोर्निया बघा, २०२० च्या नोव्हेंबरात, आंदोलन ताजं असताना, बायडनला तिथे ६३ टक्के मतं पडली आणि त्याच मतपत्रिकेवर वंश लक्षात घेऊन प्रवेश आणि नोकऱ्या द्यायची मुभा परत आणणारं प्रपोझिशन १६ सत्तावन्न-त्रेचाळीसने पडलं. म्हणजे ऐन भरतीच्या वेळीसुद्धा पाटी आणि मत वेगवेगळं होतं. कंपन्यांचं तर विचारूच नका, इथलीच टार्गेट ही दुकानांची साखळी, फ्लॉइड मारला गेला त्याच गावची, तिने २०२१ मध्ये काळ्या मालकांच्या व्यवसायांवर दोन अब्ज डॉलर खर्च करू असं जाहीर केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये, ट्रम्प परत आल्यावर चारच दिवसांत, डीईआयची उद्दिष्टं बंद केली. त्यावर बहिष्कार घातला तो मुख्यतः काळ्या चर्चच्या लोकांनी, आणि थोडेसे गोरे लिबरलही होते, ते थोडेसेच मला महत्त्वाचे वाटतात, पुढे सांगते.

आता घर. हे जरा लांबेल. मिनियापोलिसने २०१८ च्या डिसेंबरात ठरवलं की जिथे फक्त एका कुटुंबाचा बंगला बांधता येतो तिथे आता तीन बिऱ्हाडांचं घरही चालेल, असं करणारं देशातलं पहिलं मोठं शहर, आणि कारण उघड लिहिलं होतं की अशा झोनिंगने (कुठे काय बांधायचं याच्या नियमांनी) जुन्या खरेदीखतांचंच काम पुढे चालवलं. यावर कुणी खटला भरला माहितीये, पर्यावरणवादी गटांनी, पक्षीप्रेमींच्या संघटनेसकट, म्हणजे एरवी ज्यांना तुम्ही लिबरलच म्हणाल असे लोक. न्यायालयाने योजना काही काळ अडवली, शेवटी २०२४ मध्ये विधानसभेने कायदा करून मार्ग मोकळा केला. आणि त्याच काळात, अशाच लिबरल लोकांपैकी बऱ्याच जणांनी, २०१९ च्या एका कायद्यानुसार आपापल्या घराच्या खतातली ती जुनी वंशाची अट रद्द केल्याचे कागद नोंदवले. अट रद्द करणं चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, पण ती अट १९६८ पासून तशीही बेकायदाच होती, कागद नोंदवून शेजारी कुणी नवीन राहायला येत नाही, तीन बिऱ्हाडांचं घर बांधलं तर येतं.

शाळेचं तसंच. ईडन प्रेरी, जिथे आपले खूप लोक राहतात, तिथे २०१०-११ मध्ये शाळांच्या हद्दी बदलल्या, कारण एका शाळेत गरीब आणि सोमाली मुलं एकवटली होती आणि बाकीच्या शाळांत अशी मुलं बरीच कमी होती. एवढा विरोध झाला की ती योजना पुढे नेणाऱ्या सुपरिंटेंडेंट बाई त्याच वर्षी गेल्या. नंतर आमच्या भागात हद्दीवरून बैठक झाली तेव्हा मी गेले होते. एकही माणूस वाईट बोलला नाही. सगळे "आम्हाला विविधता हवीच आहे" इथून सुरुवात करायचे आणि मग बसचा वेळ, मुलांचा ताण, घराची किंमत. आणि सांगायला वाईट वाटतं पण माइकवर सगळ्यात कडक बोलले ते आपले दोन देसी बाबा, की आम्ही या शाळेचं रेटिंग बघून सहा लाख डॉलर मोजलेत. गोरे लोक गप्प बसले, त्यांना जे म्हणायचं होतं ते आपल्या लोकांनी म्हणून दिलं होतं.

म्हणून आता आपल्याबद्दल बोलायलाच हवं. १९६५ चा इमिग्रेशन कायदा, ज्याने आपण इथे येऊ शकलो, तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्याने झाला, अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतहक्कासाठी मार खाणाऱ्यांनी तो दरवाजा उघडला, हे आपल्या पॉटलक जेवणांत कुणाच्या डोक्यात नसतं. तिथे काळ्या लोकांबद्दल जे बोललं जातं ते तुम्ही पहिल्याच महिन्यात ऐकाल. आणि हे लोक महाराष्ट्रातून आलेत, जिथे जोतीरावांनी १८७३ मध्ये आपलं पुस्तक गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केलं, जिथल्या बाबासाहेबांनी कोलंबियात शिकून पुढे १९४६ मध्ये ड्यू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं, जिथे १९७२ मध्ये ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली.

इथे गोऱ्या लिबरलांची आणखी एक बाजू दिसली. पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंतने फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलच्या कौन्सिलमध्ये जातीवरून भेदभावाला बंदी आणली, सहा विरुद्ध एक मताने, अमेरिकेतलं पहिलं शहर. कॅलिफोर्नियात विधानसभेने तसाच कायदा केला आणि लिबरल म्हणून ओळखला जाणारा गव्हर्नर न्यूसम, त्याने ऑक्टोबरमध्ये नकाराधिकार वापरला, म्हणाला आधीच्या कायद्यात हे येतंच. विरोध करणारे पैसेवाले सवर्ण भारतीय होते हे सगळ्यांनी पाहिलं. म्हणजे ज्याची ओरड जास्त ऐकू येते त्याप्रमाणे न्यायाची व्याख्या आखडते. दुसरं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे, बेळगावात वाढलेले आपले श्री ठाणेदार, २०२२ मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर (इथल्या संसदेवर) निवडून आले, प्रायमरीत (पक्षांतर्गत निवडणुकीत) अनेक काळे उमेदवार होते त्यांची मतं फुटली, ठाणेदारांनी बऱ्याच अंशी स्वतःचा पैसा ओतला, आणि सुमारे सात दशकांत पहिल्यांदा काळ्यांची बहुसंख्या असलेल्या त्या शहराला काँग्रेसमध्ये काळा प्रतिनिधी उरला नाही. मराठी मंडळांत अभिनंदनाचे मेसेज फिरले. अभिमान वाटण्यात चूक नाही, लोकांनी मत दिलं, दोन वर्षांनी परत दिलं, पण डेट्रॉइटच्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल हा प्रश्न एकाही मेसेजमध्ये नव्हता.

ते "थोडेसे" म्हटलं त्यांच्याबद्दल. माझ्या शेजारच्या, चर्चला जाणाऱ्या आजी, गोऱ्या, सत्तरीच्या, त्यांच्या अंगणात कधी पाटी नव्हती. त्या वर्षानुवर्षं नॉर्थसाइडच्या एका शाळेत वाचन शिकवायला जातात आणि हद्दीच्या बैठकीत बदलाच्या बाजूने बोलणाऱ्या मोजक्या लोकांत त्या होत्या, घराची किंमत त्यांचीही होती. अजूनही जातात. फेडरल न्यायखात्याने मे २०२५ मध्ये मिनियापोलिस पोलिसांच्या सुधारणेचा करार सोडून दिला, पण राज्याच्या मानवी हक्क खात्याने २०२३ मध्ये केलेला कोर्टाच्या देखरेखीखालचा करार चालू आहे, त्याच्या सुनावण्यांना, बैठकांना येऊन बसणारे असेच लोक असतात. वातावरण बदललं तरी हे बदलले नाहीत. इथे कुणावर भरवसा ठेवायचा हे कळायला तुम्हाला दोन-तीन वर्षं लागतील, घाई करू नका, आणि ज्याने तुमच्याशी तावातावाने ट्रम्पला शिव्या घातल्या तो आपोआप तुमचा माणूस असं धरू नका.

आता व्यवहाराचं. एल-१ असल्यामुळे ती एच-१बी वरची २०२५ मध्ये लावलेली एक लाख डॉलरची फी तुम्हाला लागत नाही, पण नोकरी बदलता येत नाही, म्हणून ऑफिसात काही झालं तर एचआरकडे जाण्याआधी सगळं तारखेसकट स्वतःकडे लिहून ठेवा, डीईआयचं पेज वेबसाइटवर असो वा नसो भेदभावाविरुद्धचा १९६४ चा कायदा तसाच लागू आहे. मिस्टरांना एल-२ वर काम करता येतं. मत देता येणार नाही, निवडणुकीला देणगीही ग्रीन कार्डाआधी द्यायची नाही, अगदी वीस डॉलरसुद्धा, कुणी आग्रह केला तरी. पण सिटी कौन्सिल आणि स्कूल बोर्डाच्या सार्वजनिक बैठकीत रहिवासी म्हणून बोलता येतं, त्याला नागरिकत्व विचारत नाहीत. पोलिसांनी गाडी थांबवली तर हात स्टीअरिंगवर, विचारल्याशिवाय ग्लोव्ह बॉक्स उघडायचा नाही, हे मिस्टरांनाही सांगा.

घरासाठी सगळे तुम्हाला मेपल ग्रोव्ह (देऊळ जवळ), प्लिमथ, ईडन प्रेरी, इडाइना सांगतील. वाईट नाहीत, मी त्यातल्याच एका ठिकाणी राहते. पण वेबसाइटवरचं दहापैकी नऊ असं रेटिंग बघून पत्ता ठरवू नका, ते रेटिंग बरंचसं आईबापांच्या पगाराचं असतं. मुलगी चौथीत आहे, शाळा प्रत्यक्ष जाऊन बघा, वर्गात किती मुलं, जेवण सवलतीत घेणारी किती, शिक्षक किती वर्षं टिकलेत ते विचारा. हॉपकिन्स, सेंट लुईस पार्क, ब्रुकलिन पार्क या ठिकाणीही जाऊन या, ब्रुकलिन पार्कबद्दल आपले लोक तोंड वाकडं करतील, तिथे लायबेरियातून आलेली कुटुंबं खूप आहेत, पण मला तिथले शेजारी आणि भाजीचं दुकान दोन्ही आवडतात. मिनेसोटात दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या शाळेत अर्ज करायची सोय पण आहे, जागा असेल तर मिळते. भाड्याचे दोन-तीन पत्ते नक्की झाले की मला पाठवा, कुठली शाळा येते, हद्द कुठे बदलायचं चाललंय आणि बस कधी असते ते बघून सांगते.